सामायिकातलं विमान

दादा, तुला विमानानं नेलं नाही, हे मला अजून लोकांना समजावून सांगावं लागतंय. भेटायला आलेला माणूस ओटीवर चपला काढता काढताच विचारतो, "विमानात काय हो?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा जरासा पडतो. जन्मभर बोटींवर कप्तानकी केलेला, निवृत्तीनंतर स्वतःचं विमान उडवणारा माणूस दुपारी जेवून पडवीतल्या आरामखुर्चीत बसतो काय आणि चहाला उठत नाही काय, हे त्यांना पटत नाही. वहिनीनं दोनदा हाक मारली, झोप लागली असेल म्हणून चहावर झाकण ठेवलं आणि कपडे घडी करायला गेली. मग सगळे मान डोलावून म्हणतात, काय भाग्याचं मरण. भाग्य तुझं. आमच्या वाट्याला काय आलं, ते कुणी विचारत नाही.

तुझ्या फ्लाइंग क्लबवाल्यांनी माझ्याकडून चार शब्द लिहून मागितले. ते दिले. त्यात तू हसतमुख, शिस्तप्रिय वगैरे आहेस. हे त्यांच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे, आणि ह्यात गोड काही सापडेल अशी आशा ठेवू नकोस. मी तुझ्यावर रागावलेली आहे. तू होतास तेव्हा होते, आता जास्त आहे.

विमान आपलं दोघांचं. चार सीटचं, एका इंजिनाचं, तुझ्या अनिकेतपेक्षा वयानं मोठं. इथे ठेवायची सोय नाही म्हणून घाटावरच्या क्लबाच्या हँगरात उभं असतं. बोट कायमची सोडून घरी आलास, वर्षभर किनाऱ्यावरून समुद्राकडे बघत चिडचिड केलीस आणि मग एक दिवस विमान शिकायला गेलास. तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू मिरजोळ्याच्या माझ्या कारखान्यात आलास, रसाच्या डब्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिलास आणि माझ्या कामगारांसमोर म्हणालास, "आंबा डब्यात भरून भरून तूच डबाबंद झालीस गो. चल, तुला वर नेतो." पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी असं बोलतं? मी सहा महिने तुला शिव्या घालत परीक्षेचा अभ्यास केला. आणि पहिल्यांदा एकटीनं विमान उतरवलं, तेव्हा धावपट्टीच्या कडेला तू रुमाल हलवत उभा होतास, धक्क्यावर बोट लागताना हलवतात तसा. ते सुख तुझ्यामुळे मिळालं. हे नाकारत नाही. रागाच्या भरातही नाकारत नाही.

आता सामायिकाचं बोलते. आपल्या घराण्याचं जेवढं नुकसान ह्या एका शब्दानं केलंय, तेवढं कुठल्या वादळानं केलेलं नाही. बागेतली विहीर सामायिक होती. कठडा ढासळत होता, बाबा बांधून घ्यायला तयार होते, आणि काका सही देत नव्हते. का देत नाहीत, ते सांगतही नव्हते. "बघू," म्हणायचे. बघता बघता विहीर बुजली आणि चांगली फळं धरणारी कलमं उन्हाळ्यात करपली. तेव्हा तू सुट्टीवर आला होतास. बुजलेल्या विहिरीपाशी उभा राहून तू काकांना जे जे बोललास, ते लिहिण्यासारखं नाही. इतका शिकलास-सवरलास, जग हिंडलास, आणि विमान घेताना काय केलंस? कागद करताना अट घातलीस, की विमानाला एक खिळा ठोकायचा झाला तरी दोघांची संमती लागेल. मी हसले होते. म्हटलं, रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर नेव्हिगेशनच्या यंत्रांवरून आपली जुंपली, तेव्हा हसू आटलं. त्या विमानातला जीपीएस इतका जुना की त्याचे नकाशे बनवणाऱ्या कंपनीनं नवे नकाशे देणं कधीच बंद केलेलं. त्याची स्क्रीन पोस्टाच्या पाकिटाएवढी, तिचा एक कोपरा मेलेला. दिशा दाखवणारा काटा दमट हवेत अडकायचा, मग तू काचेवर टिचकी मारायचास आणि तो खजील होऊन हलायचा. वर्कशॉपच्या इंजिनीअरनं मला नवी स्क्रीन दाखवली. तिच्यात खालचा डोंगर किती उंच ते दिसतं, आजूबाजूचं विमान दिसतं, पुढे वाट कशी आहे ते दिसतं. मी कारखान्यात दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही नवं बसवते. बॉयलर जुना झाला तर बदलायचा असतो, त्याची आरती करायची नसते. मला ह्यात वादासारखं काही दिसत नव्हतं.

तुला दिसलं. तू म्हणालास, "नको."

का नको, तर म्हणे स्क्रीन आली की माणूस बाहेर बघत नाही. म्हणे बोटींवर तू अशी पोरं पाहिलीस, की समोर दीपस्तंभ लखलखतोय आणि ही खाली मान घालून यंत्रात दीपस्तंभ शोधतायत. मी म्हटलं, मग मान वर करायला शिकव, यंत्र कशाला फेकतोस? तू म्हणालास, "बघू." अगदी काकांसारखं. तुला ते कळलं का तेव्हा? मी तोंडावर म्हटलंही, "दादा, तू काका झालास." तुला झोंबलं. दोन दिवस फोन केला नाहीस.

मग पावसाळ्याचा विषय काढला. पावसात विमान उभंच असतं, तेवढ्यात काम करून घेऊ. तर म्हणे पाऊस संपेपर्यंत ते पुरं होणार नाही, उघडून ठेवतील आणि परवानग्यांसाठी बसवतील, आपला सगळा मोकळ्या आभाळाचा हंगाम जाईल. मी म्हटलं, जाऊ दे एक हंगाम, पुढचा आहे. त्यावर तू विषय बदललास. मी ते तुझं हरणं समजले आणि जिंकल्यासारखी घरी आले. सही मात्र तू दिली नाहीस. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच दिवाळीपासून तू डाव्या सीटवर बसायचं सोडलंस. डावी सीट उडवणाऱ्याची. तू उजवीकडे, सोबत्यासारखा. म्हणालास, "आता तू उडव, मी शिकवतो." मांडीवर कागदी नकाशा पसरायला लावायचास, पुढे कुठली नदी येईल ते आधी विचारायचास. त्या आडमुठ्या जीपीएसवर फडकं टाकून ठेवायचास, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं. मला वाटायचं, हा हट्ट. नवी स्क्रीन नको म्हणून जुनीही दाखवत नाही. थोडं बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा तू मला पुढे बसवून स्वतः बाजूला बसला होतास.

आणि मग मार्चमधला तो दिवस. आपण देवरुखावरून समुद्रापर्यंत गेलो, जयगडच्या खाडीवर वळलो आणि परत निघालो, तर खाली सगळीकडे भाजावळी पेटलेल्या. शेतं भाजल्याचा धूर हवेत असा साचला होता की समोरचा सह्याद्री पुसून टाकल्यासारखा. मी फडकं काढलं. जीपीएस एकदा लुकलुकला आणि काळा झाला. त्या धुरात कुठेतरी डोंगर आहे आणि आपण त्याच्याकडे चाललोय, एवढंच मला ठाऊक होतं. तू शांतपणे म्हणालास, "समुद्र कुठे आहे ते तरी माहीत आहे ना? तिकडे वळ." वळले. किनारा धरून उत्तरेला गेलो. दाभोळला वाशिष्ठीचं मुख दिसलं, होड्या दिसल्या. "आता खाडी डाव्या हाताला ठेव नि आत चल. नदी कुणाला फसवत नाय." खाडीवर समुद्राचा वारा होता, धूर मागे सरलेला. चिपळुणावर घिरट्या घालत उंची घेतली, तेव्हा घाटाची कडा स्वच्छ दिसली. आपण पोचलो.

चाकं टेकल्यावर तू म्हणालास, "बघितलंस? कुठे लागली तुझी स्क्रीन?"

मी इंजिन बंद केलं आणि सांगितलं, की नवी स्क्रीन बसेपर्यंत मी ह्या विमानात पाय ठेवणार नाही, आणि बसवायची नसेल तर माझा हिस्सा विकते. तू हसलास. "सामायिक आहे. विकताही येणार नाय." मी दार आपटून उतरले. तू बराच वेळ आतच बसून होतास. मला वाटलं, ऐटीत बसलाय. आंबा घाट उतरून साखरप्याला आलो, तिथे तू चहाला थांबूया म्हणालास तेव्हा मी गाडी थांबवली नाही.

मग आंब्याचा हंगाम आला, मी कारखान्यात बुडाले. मग पाऊस. ऑक्टोबरात आभाळ धुऊन निघालं तेव्हा तुझे फोन सुरू झाले. "अगो, रविवारी जाऊया काय? दाभोळपर्यंत. लगेच येऊ." मी म्हणायचे, सही दे, मग बोल. पुढच्या आठवड्यात पुन्हा. "हवा बघ कशी आहे, समुद्राचा तळ दिसेल." मी म्हणायचे, सही. शेवटचा फोन गुरुवारी आला. तू म्हणालास, "बरं, नुसतं एक चक्कर मार, क्लबाच्या वरच्यावर. मी बाजूला बसतो." मी म्हटलं, स्क्रीन बसल्याशिवाय नाही, आणि ठेवला. रविवार तू पाहिला नाहीस.

लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे कणवेनं बघतात. त्यांना वाटतं मला पश्चात्ताप होत असेल. मला पश्चात्ताप होत नव्हता. माझं म्हणणं बरोबर होतं आणि अजून बरोबर आहे. मला राग ह्याचा होता, की तू हरायच्या बेतात होतास आणि खेळ टाकून उठून गेलास. सुंभ जळला तरी पीळ गेला नाही.

तुझे दिवस झाल्यावर अनिकेत म्हणाला, "आत्या, ते विमान विकून टाकूया. आई ते बघूही शकणार नाही." तो चुकीचं बोलत नव्हता. पण मला ते विकायचं नव्हतं. तुझी आठवण म्हणून जपायचं असंही नव्हतं. आठवणीला हँगर लागत नाही. मला उडायचंय, दादा. चांगली दहा वर्षं अजून उडायचंय. तूच लावलेलं हे खूळ. आणि उडायचं तर डोळ्यावर फडकं बांधून नाही. म्हणजे पुन्हा तेच, नवी यंत्रं आणि संमती. तुझा हिस्सा आता वहिनी आणि अनिकेतचा. तू मेलास तरी तुझी सही काही मरेना.

अनिकेतला मी फोनवर नमवला. शेवटी म्हणाला, "आई देईल तर मी देतो." म्हणून वर्कशॉपचे कागद घेऊन वहिनीकडे गेले. ती स्वयंपाकघरात कुळथाचं पीठ चाळत होती. मी सगळं सांगितलं. नवी स्क्रीन कशासाठी, विकायचं का नाही, सगळं. तिनं चाळण खाली ठेवली.

"सही करते गो. पण आधी ऐक, मग कागद पुढे कर."

मला वाटलं, तीही नको म्हणणार.

"गेल्या वर्षी दिवाळीत ह्यांना डॉक्टरांनी सांगितलंनी, हृदय थकलंय म्हणून. ऑपरेशन झेपायचं नाय, जपून राहायचं. वर्ष, दोन वर्षं, काय ते देवाला ठाऊक. विमान उडवायचं सर्टिफिकेट पुढे मिळायचं नाय, ते तर त्याच दिवशी कळलं. घरी आले नि पहिलं काय म्हणाले असतील? आता तिला डावीकडे बसवायला हवी."

मी उभीच होते. तिनं पाट पुढे सरकवला, तरी बसले नाही.

"स्क्रीनला विरोध नव्हता गो त्यांचा. मला म्हणाले, ती बोलते ते बरोबर आहे, पण विमान उघडलं की वर्षभर जमिनीवर. माझ्याकडे वर्ष नाय. मी रोज भांडत होते, सांगा तिला. तर मला शपथ घातलीनी. म्हणे, तिला सांगितलं तर ती समोर बघायची सोडून माझ्याकडे बघत बसेल."

मग वहिनीला रडू फुटलं. मला फुटलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आतल्या आत तुला इतक्या शिव्या दिल्या, की त्या विहिरीपाशी तू काकांना दिलेल्या त्यापुढे अभंग वाटावेत.

बघत बसले असते! बसले असते तर काय झालं असतं? दोन्हीकडे बघितलं असतं. आणि ती नवी स्क्रीन असती, तर डोंगर शोधायला दोन्ही डोळे लागले नसते, एक तुझ्यावर ठेवायला मोकळा राहिला असता. हा मुद्दा तुला सुचला नाही ना? जन्मभर वाद घातलास आणि माझा सगळ्यात पक्का मुद्दा ऐकायला थांबला नाहीस.

मार्चमध्ये उतरल्यावर तू आत का बसून होतास, ते आता कळतंय. ऐट नव्हती ती. तुला उठवत नव्हतं. साखरप्याचा चहा कशाला हवा होता, तेही कळतंय. तू बुद्धिवंतासारखी कारणं देत होतास, दीपस्तंभ काय, बोटींवरची पोरं काय, आणि खरं कारण एका वाक्याचं होतं. "मला वेळ नाही." एवढं म्हणायचं होतंस. मी स्क्रीनचं नाव काढलं नसतं. दर रविवारी आले असते. कारखान्याला कुलूप लावून आले असते, दाभोळपर्यंत, दाभोळच्या पुढे, तू म्हणशील तिथपर्यंत. समुद्राचा तळ बघितला असता. त्याऐवजी तू आठवड्यामागून आठवडे फोन करून माझ्या तोंडून नाही ऐकत राहिलास. मला नाही म्हणू देत राहिलास. माहिती सगळी तुझ्याकडे, आणि नकार माझ्या नावावर. ह्याला प्रेम म्हणतात म्हणे. वहिनी म्हणते, अनिकेत म्हणतो. असेल. मला प्रेमातही दोघांची संमती लागते. मला विचारायला हवं होतंस.

आणि तरी, दादा, मार्चनंतर माझ्या मनात एक खात्री बसली आहे, ती कुठल्याही यंत्रानं दिली नसती. सगळं काळं झालं तरी समुद्राकडे वळायचं आणि नदी धरून आत यायचं, हे आता मला येतं. घाईघाईत शिकवलंस, लबाडीनं शिकवलंस, पण शिकवलंस. ह्याबद्दल तुझी ऋणी आहे. ऋण वेगळं आणि राग वेगळा, दोन्ही एका घरात राहू शकतात. आपल्या घरात राहिलीच की माणसं तशी.

वहिनीनं सही केली. अनिकेतनं केली. काल मी घाट चढून हँगरात गेले. इंजिनीअर म्हणाला, सगळी जुनी घड्याळं काढून पूर्ण पॅनेल नवं करू. मी म्हटलं, नवी स्क्रीन बसवा, पण होकायंत्र आणि उंचीचं जुनं घड्याळ राहू दे. स्क्रीन कधीतरी काळी होणारच. हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. मी कारखान्यातही एकाच पंपावर विसंबत नाही. तो अडकणारा काटा मात्र काढायला सांगितला. त्यावर मी ऐकून घेणार नाही.

मग तो कागद पुढे करत चाचरायला लागला. गेल्या वेळी आपल्या दोघांचं भांडण त्याच्यासमोरच झालं होतं, ते त्याला आठवत असावं. म्हणाला, "मॅडम, आधीच सांगतो, वेळ लागेल. सामान बाहेरून येणार, मग तपासण्या, परवानग्या. पुढची दिवाळीसुद्धा जाईल कदाचित. कॅप्टनसाहेबांना तेच चालत नव्हतं."

"लागू दे," मी म्हटलं. "ज्याला घाई होती तो गेला."